क्लॅरी व्हिकरींचं विरोधी मत

क्लॅरी व्हिकरी शुक्रवारी मेंढ्यांच्या लिलावाला जाणार हे कळलं तेव्हा मी बेकरीत एकटीच होते, आणि एकटीच हसले. पवनचक्कीचं नुसतं नाव काढलं तरी ज्यांचं डोकं फिरतं, ते गृहस्थ नेमके मतदानाच्या दिवशी दीडशे किलोमीटरवर असणार. वर्षभरात याहून चांगली बातमी मी ऐकली नव्हती.

मी ऑस्ट्रेलियातल्या विराबिला परिषदेची अध्यक्ष. आमची परिषद म्हणजे गव्हाची शेतं, मेंढ्या, चार छोटी गावं आणि एक पोहण्याचा तलाव. तलावाचे पंप, पिण्याच्या पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, या सगळ्याची वीज आम्ही आजवर एकट्याने विकत घ्यायचो. एकट्या गिऱ्हाइकाला कोण विचारतं? वीज कंपनीचा माणूस दर सांगायचा आणि आम्ही मुंडी हलवायची. गेल्या वर्षी बिल इतकं चढलं, की या उन्हाळ्यात तलाव उघडायचाच नाही असं ठरवण्याची वेळ आली.

आमच्याकडे नाताळात पारा त्रेचाळीसला टेकतो. तलाव बंद असला की पोरं शेततळ्यांत उड्या मारतात. मी शाळेत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा असाच शेततळ्यात उतरला आणि वर आलाच नाही. त्यानंतर गावाने केक विकून, नाचाचे कार्यक्रम करून पैसे जमवले आणि हा तलाव बांधला. मी त्यातच पोहायला शिकले, माझी मुलंही शिकली. आता त्याला माझ्याच हाताने कुलूप लागणार होतं.

म्हणून आम्ही आठ परिषदांनी एकत्र यायचं ठरवलं. आठ जणांची वीज एकदम मागितली तेव्हा ज्या कंपन्या आमचा फोन उचलत नव्हत्या त्यांची माणसं स्वतः गाडी काढून आली. टेकडीवर पवनचक्क्या असलेल्या एका कंपनीने सात वर्षांसाठी एकच दर देऊ केला, तलाव चालू ठेवता येईल इतका कमी. तो दर बघून आमचा मुख्याधिकारी रोवन चष्मा पुसून परत वाचायला बसला. अट एकच. विजेचा भाव रोज हलतो, म्हणून शुक्रवारी पाचच्या आत आठही परिषदांच्या सह्या हव्यात. एक जरी गळली तरी सगळ्यांचाच दर गेला. सात जणांच्या सह्या झाल्या होत्या. उरलो होतो आम्ही.

आम्ही एकूण नऊ सदस्य, आणि कोणत्याही ठरावाला खोलीत किमान पाच जण हवेत. एक जण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सिडनीत पडून होता. दोघांच्या शेतात या कंपनीच्या पवनचक्क्या उभ्या, त्यांना भाडं मिळतं. तेव्हा विषय निघाला की त्यांना नियमाने बाहेर जावं लागणार. क्लॅरी लिलावाला. म्हणजे बरोबर पाच उरत होते, आणि पाचही आमच्या बाजूचे. मी सकाळीच लॅमिंग्टन केकचे दोन ट्रे सभागृहात पाठवून दिले.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सभा सुरू झाली. कुणाचे हितसंबंध आहेत का, असं मी रिवाजाप्रमाणे विचारलं. दोघांनी हात वर केले. मग टेस ॲबरनेथी उठली. ती आमच्यातली सगळ्यात तरुण सदस्य, आणि तलावासाठी सगळ्यात जास्त भांडलेली.

"ग्लेनिस, मलाही बाहेर जावं लागेल."

"तुला कशाला?"

"आमच्या ह्यांनी काल त्याच कंपनीशी करार केला. आमच्या टेकडीवर दोन पवनचक्क्या येतायत. मला आज सकाळी चहा पिताना सांगितलं."

"आणि तू त्याला चहा प्यायला दिलास?"

रोवनने माझ्याकडे बघून चार बोटं वर केली. आम्ही मतं मोजत बसलो होतो, डोकी मोजायचं राहूनच गेलं होतं. सभा तहकूब केली तर नव्या सभेला तीन दिवसांची नोटीस लागते. फोनवरून हजेरी आमच्याकडे चालत नाही. आता पाचवं डोकं जगात एकच होतं, आणि ते मेंढ्यांच्या बाजारात होतं.

उपाध्यक्षांच्या हाती सभा देऊन मी व्हरांड्यात आले आणि फोन लावला. पलीकडून लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज येत होता.

"बोला, अध्यक्षबाई," क्लॅरी म्हणाले. ते मला नेहमी असंच म्हणायचे, चिमटा काढल्यासारखं.

"क्लॅरी, तुम्ही परत या."

"मी मेंढा बघतोय. मेंढा तुमच्यापेक्षा सरळ बोलतो."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. टेसचं सांगितलं, चारच उरतात हे सांगितलं. खोटं बोलून या माणसाला आणता आलं नसतं.

"म्हणजे मी इथेच उभा राहिलो, तर तुमचा ठराव मेला."

"मेला."

"आणि मी आलो तर मी विरोधात मत देणार."

"द्या."

"आणि बोलणार."

"बोला. पण पाचच्या आत."

फोन कट झाला. येतो म्हणाले नाहीत, येत नाहीही म्हणाले नाहीत.

आता एकच मार्ग होता. विषयपत्रिकेवर विजेचा विषय दुसरा होता. पहिला विषय होता सार्वजनिक संडासासमोरच्या कचरापेटीचा. तो संपेपर्यंत कुणालाच बाहेर जावं लागत नव्हतं. मी आत येऊन बसले आणि म्हणाले, "कचरापेटीवर सगळ्यांनी मनमोकळं बोलावं."

सगळ्यांना बरोबर कळलं. टेस पेटीच्या रंगावर बोलली. डेस रॅफर्टी, म्हणजे त्या भाडं घेणाऱ्या दोघांतला एक, कॉकटू पक्षी झाकण कसं उघडतात यावर बोलत राहिला, आणि मधेच पक्ष्याची नक्कलही करून दाखवली. पेटी डावीकडे असावी की उजवीकडे, यावर दोन गट पडले. मी आयुष्यात इतकी रटाळ चर्चा ऐकली नाही, आणि कुठली चर्चा संपू नये असं इतकं मनापासून कधी वाटलंही नाही. साडेचार वाजले. लॅमिंग्टन संपले. डेसचा घसा बसला.

तेवढ्यात दार उघडलं आणि क्लॅरी आत आले. टोपीवर धूळ, बुटांना शेण.

"कशावर चाललंय?"

"कचरापेटीवर."

"ती डावीकडेच हवी," म्हणत ते खुर्ची ओढून बसले. "उजवीकडून वारा येतो. मी गेल्या वर्षीच सांगत होतो, पण या सभागृहात..."

"क्लॅरी, पेटी डावीकडे. सगळे सहमत? मंजूर. पुढचा विषय."

टेस, डेस आणि भाडं मिळणारी दुसरी सदस्य लगबगीने बाहेर पडली. खोलीत आम्ही पाच जण उरलो. क्लॅरी उठले आणि बोलले. पवनचक्क्यांनी टेकडीचा चेहरा बिघडवला, शेजाऱ्याशेजाऱ्यात वैर आणलं, ज्याच्या शेतात त्या उभ्या त्याला भाडं आणि ज्याच्या खिडकीतून दिसतात त्याला काही नाही. खोटं सांगत नाही, चांगलं बोलले. घड्याळाकडे माझी नजर जात होती तरी मी त्यांना अडवलं नाही.

मतदान झालं. बाजूने चार, विरोधात एक.

"माझं नाव नोंदीत नीट लिहा," ते रोवनला म्हणाले. रोवनने ते लिहिलं, सही घेतली आणि कागद पाठवून दिला. पाचला काही मिनिटं बाकी असताना आठांतल्याच डनमूर परिषदेच्या अध्यक्षांचा फोन आला. आठही सह्या पोचल्या होत्या. फोनमधून त्यांच्या कचेरीतल्या टाळ्या ऐकू येत होत्या, आणि आमच्या व्हरांड्यात डेस बसलेल्या घशाने पुन्हा कॉकटूसारखा ओरडत होता. टेस माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, लाजायचं कशाला?

क्लॅरी आपल्या पिकअपकडे निघाले होते. मी मागून धावले. मागची ट्रॉली रिकामी होती.

"तुमचा मेंढा?"

"त्याच्या पाळीआधी अजून अकरा मेंढे होते."

"क्लॅरी, तुम्ही नुसते आला नसतात तरी जिंकला असतात."

त्यांनी टोपी काढून मांडीवर झटकली.

"तीस वर्षं मी या सभागृहात हरतोय, ग्लेनिस. आत बसून, तोंडावर सांगून हरतोय. बाहेर लपून जिंकायला मी काय चोर आहे?"

मी त्यांना तिथेच, सगळ्यांच्या देखत मिठी मारली. ते लाकडासारखे ताठ उभे राहिले.

"घाणच दिसतात त्या पवनचक्क्या," माझ्या खांद्यावरून ते म्हणाले.

"दिसतात," मी म्हणाले, आणि रोवनला तलावाच्या किल्ल्या आणायला पिटाळलं.