एकविसावी संकष्टी

अनिलकाका बसच्या टॉयलेटमध्ये आहेत, असं शोभाकाकूंनी गाईडला ठासून सांगितलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. तशा काकू कुठलीही गोष्ट ठासल्याशिवाय सांगतच नाहीत म्हणा. सांगलीला पोस्टाच्या काउंटरमागे सगळी नोकरी झाली, तिकडची सवय. समोरच्यानं दुसरा प्रश्न विचारायचा नाही.

पण आधी ही बस कुठली ते सांगायला हवं. पेन्सिल्व्हेनियात डोंगरांवर पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे इटलीहून खाणकामगार आले आणि त्यांनी आपल्या मुलखासारखीच गावं उभी केली. चढाच्या अरुंद गल्ल्या, टोकाला चर्च, परसात द्राक्षांचा मांडव. अशी तीन गावं एका दिवसात दाखवायची आणि संध्याकाळी पिस्कॅटवेला आणून सोडायचं, अशी ही ट्रिप. सिद्धेशनं, म्हणजे पिस्कॅटवेला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, दोघांची तिकिटं काढून हातात ठेवली. "आई, खऱ्या इटलीला नंतर नेतो. आत्ता हे बघून या. जरा घराबाहेर पडा यार." आईला यार म्हणणाऱ्या पोराशी काय वाद घालणार?

त्यांना घराबाहेर काढायचं खरं कारण वेगळं होतं. सिद्धेशच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. नकार आला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की बायकोपोरासकट गाशा गुंडाळून परत. इकडे काकू देव पाण्यात घालून बसलेल्या. रोज सकाळी "काही आलं का रे?" असं विचारून त्यांनी मुलाला भंडावून सोडलं होतं.

काकूंनी नवस बोलला होता. एकवीस संकष्ट्या, त्याही जोडीनं. काका म्हणाले होते, "गणपतीला इमिग्रेशनमधलं काय कळतंय?" पण म्हणायचं तेवढं म्हणून झाल्यावर त्यांनी निमूटपणे प्रत्येक संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली. अशा वीस झाल्या, बऱ्याचशा सांगलीतच. एकविसावी नेमकी ट्रिपच्या दिवशी आली. आणि काकूंनी ठरवलं, शेवटची आहे, कडक करू. चंद्रोदयापर्यंत पाणी सोडून काही नाही. काकांना डायबेटिस. सांगलीच्या डॉक्टरांनी कडक उपास करायचे नाहीत म्हणून बजावलेलं. "एका दिवसानं काय होतंय?" काकू म्हणाल्या. तेही ठासून.

पहिल्या गावात काका हरवल्यासारखे फिरले. प्रत्येक छपरावर पाटीचा दगड. "अगं, आपल्या शाळेतल्या पाट्या छपरावर," असं म्हणत ते भिंतींना हात लावत राहिले आणि बसला पंधरा मिनिटं उशीर झाला. रोझॅन नावाची गाईड, हसरी पण वेळेची पक्की, माइकवरून म्हणाली की आता सगळे आलेत, आता निघता येईल. बसमधल्या गोऱ्या म्हाताऱ्या माना एकदम वळल्या. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या गावाचं नाव सांता लूचिया. तिथे सगळे जेवायला हॉटेलात गेले. हे दोघं चर्चसमोरच्या बाकावर बसून राहिले. ऊन होतं पण वारा बोचरा. काकांचे हात थरथरत होते.

"थंडी आहे. खिशात घाला हात," काकू म्हणाल्या.

काका काही बोलले नाहीत. एरवी हा माणूस बाकावर बसला की शेजारच्या झाडाशीसुद्धा गप्पा मारील. आज गप्प. काकूंना वाटलं, सकाळी चारचौघांत बोलणी खावी लागली म्हणून रुसलेत. मग निघायची वेळ झाली. बसच्या दाराशी काका म्हणाले, "मी जाऊन येतो," आणि काकू "लवकर या," म्हणून वर चढल्या. जागेवर बसून, पर्स आवरून बघतात तर मागच्या टॉयलेटवरचा लाल दिवा लागलेला. म्हणजे आत आहेत. रोझॅन सीटसीटपाशी थांबून विचारत आली, तुमचा जोडीदार आला का? काकूंना पुन्हा ती बोलणी नको होती. "यस, यस. टॉयलेट," त्या म्हणाल्या.

बस सुटली.

घाटातून उतरून हायवेला लागेपर्यंत काकूंनी चार वेळा मागे वळून बघितलं. किती वेळ हा? पोट बिघडलं की काय? मग टॉयलेटचं दार उघडलं आणि आतून लाल टोपी घातलेला एक धिप्पाड गोरा गृहस्थ पँट सावरत बाहेर आला.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, हलत्या बसमध्ये सीटा धरत धरत मागे गेल्या आणि त्यांनी टॉयलेटचं दार उघडलं. आत निळं पाणी डचमळत होतं. त्यांनी दार लावलं आणि पुन्हा उघडून बघितलं. माणूस घाबरला की असं काहीतरी करतो.

त्यांनी काकांना फोन लावला. फोन त्यांच्याच पर्समध्ये वाजला.

काका वस्तू हरवतात, म्हणून त्यांचं सगळं काकूंच्या पर्समध्ये असायचं. फोन, पासपोर्ट, पैसे, साखर तपासायचं मशीन. सगळं इथे, घट्ट चेन लावून सुरक्षित. आणि माणूस तिकडे डोंगरावर, अंगातल्या स्वेटरनिशी.

"माय हजबंड," त्या रोझॅनपाशी जाऊन म्हणाल्या, "नॉट इन टॉयलेट." पुढची इंग्लिश सुचेना. पण रोझॅननं त्यांचा चेहरा बघितला आणि ती ड्रायव्हरकडे धावली. ड्रायव्हर म्हणाला, इथे वळता येणार नाही, पुढच्या एक्झिटवरून वळू. तो एक्झिट येता येईना. हायवेच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं, लोक फोटो काढतात तसली, आणि बस त्यांच्यामधून उलट्याच दिशेनं पळत होती.

रोझॅननं नाईन वन वनला, म्हणजे इकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, वय विचारलं, कपडे विचारले. काही आजार?

"डायबेटिस," काकू म्हणाल्या.

इन्सुलिन घेतात का? घेतात. आज घेतलं का?

काकूंना सकाळ आठवली. पहाटे बस चुकू नये म्हणून धावपळ चालली होती. काका बुटाच्या नाड्या बांधत होते. काकूंनी फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढलं, काकांचा शर्ट वर केला, पोटाला टोचलं, पेन परत ठेवलं. रोज सकाळी टोचतात तसं. हात आपोआप चालतो. वीस संकष्ट्यांना मागून खिचडी असायची. आज मागून काहीच नव्हतं.

"यस," त्या म्हणाल्या. "आय गिव्ह. फुल."

आज काय खाल्लं?

"नथिंग."

रोझॅननं चमकून वर बघितलं. पुढच्या सीटांवरच्या बायकाही बघायला लागल्या. नथिंग? का? आता धावत्या बसमध्ये उभं राहून या बायांना गणपती, चतुर्थी आणि सिद्धेशचा एच-वन-बी व्हिसा कुठल्या इंग्लिशमधून समजावायचं? "फास्टिंग," काकू म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच तो शब्द किती खुळा वाटला. बाकावरचे ते थरथरते हात. खिशात घाला म्हणाले मी. अगं भवाने, साखर उतरत होती त्यांची आणि तू त्यांना खिशात हात घालायला सांगितलेस.

साखर उतरली की काका दारू प्यायल्यासारखे बरळतात, काकूंना माहीत होतं. सांगलीत एकदा झालं होतं, पण तिथे शेजारी ओळखीचे होते. इथे कोण ओळखणार? अडखळत चालणारा एक सावळा म्हातारा, धड बोलता येत नाही, खिशात कागदाचा कपटा नाही. रोज संध्याकाळी सिद्धेशकडच्या टीव्हीवर काय काय दाखवतात. पोलिसांनी हटकलं तर? हे घाबरून पळाले तर? खाणीकडे गेले तर? सांता लूचियात शिरताना रोझॅननंच दाखवली होती एक जुनी खाण, पाण्यानं काठोकाठ भरलेली, काळी. त्यांनी ड्रायव्हरमागचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तोंडातल्या तोंडात अथर्वशीर्ष सुरू केलं, पण पहिल्या चार ओळींच्या पुढचं काही आठवेना. इतक्या वर्षांचं पाठ, कुठे गेलं कोण जाणे.

बस एकदाची वळली. तेवढ्यात रोझॅनचा फोन वाजला. तिनं मघाशी सांता लूचियातल्या हॉटेलवाल्यालाही कळवलं होतं. काका सापडले होते. चर्चमागच्या गल्लीत, हॉटेलवाल्याच्या म्हाताऱ्या आईच्या घराच्या पायरीवर बसले होते. घामानं ओलेचिंब, पांढरेफटक. गावाची ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कॉलवर होती, शेजारच्या गावाहून निघाली होती. म्हातारीनं संत्र्याचा रस पुढे केला तर हे दात आवळून मान फिरवतात. हातानं ग्लास ढकलतात. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतात.

"काय म्हणतात?" रोझॅननं विचारलं.

"मून," फोनमधून उत्तर आलं. "नॉट बिफोर मून."

रोझॅनला काही कळलं नाही. बसमध्ये कुणालाच कळलं नाही. काकूंना कळलं. ज्या माणसाला गणपतीचं हसू यायचं, तो शुद्ध जात असताना उपास धरून बसला होता. त्याला बाकी काही आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं, की शोभानं चंद्रोदयापर्यंत नाही म्हणून सांगितलंय.

"गिव्ह फोन हिम," काकू म्हणाल्या. "प्लीज. इन इयर."

काकूंनी रोझॅनचा फोन हातात घेतला; तिकडचा काकांच्या कानाला लावला गेला. जड, ओढल्यासारखा श्वास ऐकू आला.

"अहो. मी बोलतेय. तो रस घ्या."

"कोण?"

"मी. शोभा. घ्या तो रस."

"संकष्टी आहे," काका म्हणाले. जीभ जड झालेली. "सिद्धेशची... सिद्धेशचं होऊ दे. मग घेतो."

बसच्या भल्यामोठ्या काचेतून दुपारचं ऊन काकूंच्या तोंडावर पडलं होतं. सिद्धेशचं होऊ दे. काकूंच्या डोळ्यांपुढे मुलाचा चेहरा आला, लॅपटॉपच्या उजेडात रात्ररात्र जागणारा, आणि त्याच्या कडेवर नातू. एक दिवसाचं काम उरलं होतं. वीस झाल्या होत्या. त्या देवाला इतक्या भीत होत्या, की प्रसादाचा कण जमिनीवर सांडला तरी कपाळाला लावून मग तोंडात टाकायच्या. आणि आता काय बोलायचं ते त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि तेच बोलायची भीती वाटत होती.

"उगवला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चंद्र उगवला. मी बघितला. ओवाळलासुद्धा. उपास सुटला आपला. घ्या आता."

पलीकडे काहीच नाही. श्वासही ऐकू येईना. काकूंनी फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकताय ना? गणपतीची शपथ, उगवला."

मग ग्लास दातांवर आपटल्याचा आवाज. मग घोट. मग दुसरा. मग म्हातारीचा आवाज, ही इज ड्रिंकिंग, ही इज ड्रिंकिंग. काकू तिथेच ड्रायव्हरमागे बसच्या पायरीवर बसल्या. लाल टोपीवाला गृहस्थ उठून आला आणि त्यानं आपला कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.

बस सांता लूचियाला पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती. काका पायरीवरच बसले होते. अंगावर ब्लँकेट, बोटाला टोचल्याची खूण, तोंडावर रंग परतलेला. ॲम्ब्युलन्समधली मुलगी म्हणाली, साखर वर येतेय, पण हॉस्पिटलला नेऊन थोडा वेळ लक्ष ठेवू. अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ती थांबली. काकूंनी पुढचं विचारलं नाही.

त्या काकांसमोर उभ्या राहिल्या. ओरडावं की पाया पडावं, कळेना.

"जाऊन येतो म्हणून गेलात कुठे?"

"बस कुठली तेच कळेना," काका म्हणाले. "छपरं दिसत होती नुसती." "चंद्र उगवला म्हणालीस."

काकू पर्सची चेन उघडून त्यांचा फोन शोधायला लागल्या.

"माझ्या तोंडावर ऊन होतं गं तेव्हा. बाकी काही कळत नव्हतं, पण ऊन कळत होतं."

"मग प्यायलात कसे?"

काकांनी ब्लँकेट जरा ओढून घेतलं. "देवाच्या बाबतीत तू आजवर एवढीशी लबाडी केली नाहीस. आणि चक्क गणपतीची खोटी शपथ घेतलीस." त्यांनी मान वर करून बघितलं. "म्हटलं, शोभा खोटं बोलतेय म्हणजे मी मरतोय. घाबरलो आणि प्यायलो."

म्हातारी घरातून बशी घेऊन आली. बडीशेपेची बिस्किटं, वर साखरेचा थर. तिनं बशी काकांपुढे धरली, मग काकूंपुढे. अंडं आहे का, हे न विचारता या देशात काकूंनी पाण्याशिवाय काही तोंडात घातलेलं नाही. आता त्यांनी एक बिस्कीट उचललं, अर्धं मोडून काकांच्या हातात दिलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं.

"अगं, तुझा उपास," काका म्हणाले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "देवाला जाब द्यायला तुम्ही एकटेच कशाला?"