कुंकवाखालची काच

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नातला किंवा सहलीतला नव्हे, सिग्नलवरचा. हसरे चेहरे माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत, आल्या त्या पळणाऱ्या गाड्यांच्या पाठी. सध्या मी एका गोदामात रिकाम्या खोक्यांशेजारी पडलो आहे आणि खरं सांगतो, बरं चाललंय. इथे माणसं दिसत नाहीत.

दोन हजार तीन साली मला भोरकडे वळणाऱ्या फाट्यावर, हमरस्त्याच्या चौकात उंच खांबावर बसवलं. केवढं नवल होतं माझं! भाटघरची माणसंसुद्धा मान वर करून बघून गेली. माझं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. थांबायच्या पांढऱ्या पट्टीजवळ डांबराखाली तारांची वेटोळी पुरली होती. दिवा हिरवा असला की मी गप्प. लाल झाल्यावर पट्टीवरून चाक गेलं रे गेलं, की तारांतून मला इशारा यायचा आणि मी पहिला फोटो काढायचो. गाडी पट्टीवर, दिवा लाल. लगेच दुसरा, तीच गाडी चौकाच्या मधोमध. चुकून पट्टीवर येऊन थांबलेल्याला उगाच त्रास नको, म्हणून दोन. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि दिवा लाल होऊन किती सेकंद झाले तेही उमटायचं. मग रोल धुऊन साहेब एकेक फोटो तपासायचे आणि नंबरावरून मालकाच्या घरी नोटीस जायची.

पण माणसं! शी! नंबरावर शेण फासणारे, लिंबू-मिरची नेमकी आकड्यांवर लोंबवणारे, माझ्याच खांबावर तंबाखूच्या पिचकाऱ्या मारणारे. माझ्या भीतीने थांबायचे आणि वीज गेली की मोकाट सुटायचे. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांची कुणाला पडली होती? मला तर या गाडीवाल्यांची किळस यायची.

एकच माणूस वेगळा होता. अल्ताफ. भोरच्या गिरणीतून तांदळाची पोती टेम्पोत घालून पुण्याला न्यायचा. चौकात चिटपाखरू नसलं तरी हा लाल दिव्याला पट्टीच्या आत थांबायचा आणि वर बघून हात करायचा. "काय कॅमेरेराव, बरं हाय ना?" मला कुणी नाव दिलं असेल तर ते त्यानेच.

आणि कुंडलिक. तो ठेकेदाराचा माणूस. दर पंधरवड्याला शिडी लावून वर यायचा, रोल बदलायचा, काच पुसायचा. स्वभावाने गरीब गाय. दोन हजार पाचच्या खंडेनवमीला तो नारळ आणि झेंडूचा हार घेऊन वर चढला. आपल्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, शिवणयंत्र, टेम्पो, सगळ्यांची पूजा होते. मग मीच कसा मागे राहणार?

"देवा, तुझ्या जिवावर माझी चूल पेटती," तो म्हणाला आणि ओल्या कुंकवाचं जाडजूड बोट ओढलं ते थेट माझ्या काचेवर! वरून हार घातला, तोही काचेसमोर लोंबता. अरे, मी ओरडणार कसा? हात जोडून तो खुशीत खाली उतरला.

त्याच दुपारी चार वाजता गुंजवण्याच्या फुलाबाई एसटी धरायला रस्ता ओलांडत होत्या. दिवा लाल होता. अल्ताफचा टेम्पो पट्टीच्या आत उभा होता. शेजारून एक जीप सुसाट आली, फुलाबाईंना उडवून पसार झाली. तारांनी इशारा दिला, मी दोन्ही फोटो काढले. अल्ताफने उडी मारली, "मावशी, मावशी!" करत त्यांना उचललं आणि टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

तो परत आला तेव्हा टेम्पोत रक्त होतं आणि चौकात गर्दी. जीपचा नंबर एकालाही ठाऊक नव्हता. चहाच्या टपरीवाला गेनबा पुढे झाला. "ह्यानंच उडीवली. म्या डोळ्यानं बघितलं." खोटारडा! तो तेव्हा माझ्याकडे पाठ करून चहा गाळत होता. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अपघात न बघता साक्ष द्यायला एवढी माणसं कुठून निघतात कोण जाणे!

अल्ताफ घाबरला नाही. माझ्याकडे बोट दाखवून हवालदारांना म्हणाला, "साहेब, त्यानं काढल्याला फोटो बघा. त्यो खोटं बोलायचा न्हाई."

रोल धुतला. दोन्ही फोटोंत झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवाचा लाल डाग. कोपऱ्यात तारीख, वेळ, सेकंद मात्र अगदी स्वच्छ! बाकीच्यांपेक्षा मला त्या दिवशी माझीच जास्त शिसारी आली.

अल्ताफचं लायसन अकरा महिने जमा राहिलं. टेम्पो दारात उभा राहिला आणि तो गिरणीत हमाली करू लागला. फुलाबाई दोन महिन्यांनी बोलत्या झाल्या. "लेकराचा टेम्पो उभा व्हता की! त्यानंच मला हात केला, जावा म्हणून. जीप शेजारनं आली." डोक्याला मार लागलाय, म्हातारीचं काय धरायचं, असं सगळे म्हणाले. ती माउली कुबडी टेकत परत परत कचेरीत गेली, तेव्हा कुठे अल्ताफ सुटला.

पुढच्या खंडेनवमीला कुंडलिक पुन्हा शिडी चढू लागला. हातात हार, कुंकू. खाली लाल दिव्याला अल्ताफचा टेम्पो उभा होता, पट्टीच्या आत, नेहमीसारखा. तो खिडकीतून म्हणाला, "कुंडलिकभाऊ, औंदा नुसतं पुसा."

कुंडलिकचा हार हातातच राहिला. आपल्या हार-कुंकवाने काय घडलं ते त्याला तेव्हा कळलं असावं. शिडीवर बसून तो शर्टाच्या बाहीने माझी काच पुसत राहिला आणि रडत राहिला.

काच लख्ख झाली. मला खालचा अल्ताफ स्पष्ट दिसला. मी वाट बघितली. दिवा हिरवा झाला आणि तो निघून गेला. त्यानंतरही तो रोज थांबायचा मित्रांनो, पण वर बघून हात त्याने पुन्हा कधी केला नाही. म्हणून सांगतो, माझ्यासारख्यांना हार घालू नका. काच पुसा.