अर्धी बाटली लाल

आमच्या घराच्या मागच्या बाजूला जी खोली आहे, तिला मी आजही कोठीच म्हणते. चाळीस वर्षे तिथे माझ्या कापडाच्या दुकानाचे तागे राहिले आणि माझ्या परवानगीवाचून तिथली काडी इकडची तिकडे झाली नाही. दुकान मी माझ्या मर्जीने बंद केले आणि त्यानंतर ती खोली सूनबाईला दिली. तिने मागितली नव्हती, मी दिली. हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो, त्यांनी कधी घर चालवलेले नसते.

सूनबाई चित्रपटांच्या रंगांचे काम करते. चित्रीकरण संपते, संकलक तुकडे जोडून देतो आणि मग ते सारे तिच्यापुढे येते. एकाच संभाषणातले एक वाक्य उन्हात टिपलेले असते, दुसरे ढग आल्यावर. ती दोन्ही एका वेळची वाटावीत आणि माणसांच्या चेहऱ्यावर माणसाचाच रंग राहावा, हे ती संगणकावर बसून साधते. नऊ वर्षे तिने एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या हाताखाली हेच काम केले. या वर्षी ती स्वतंत्र झाली आणि पहिलाच चित्रपट मिळाला तो अशा दिग्दर्शिकेचा, जी बोलते कमी आणि पाहते फार. तिची अट साधी होती. आधी बारा मिनिटांचे पहिले रीळ करून द्यायचे. ते पसंत पडले तर उरलेला चित्रपट.

पहिल्या खेपेला रीळ परत आले. सोबत एकच ओळ होती : सगळ्यांना ताप चढल्यासारखा दिसतो. दुसऱ्या खेपेची ओळ त्याहून आखूड : ताप आहेच. तिसऱ्या खेपेसाठी दिग्दर्शिकेने शुक्रवारी दुपारी बाराची वेळ दिली आणि त्यानंतर काम दुसरीकडे जाईल, हेही सभ्य शब्दांत कळवले.

मी ते रीळ दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिले. त्यात होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याची मुलगी आहे. दोघेही भट्टीसमोरून उठून आल्यासारखे लालबुंद. आणि कोठीत, सूनबाईच्या पडद्यावर, तीच माणसे आपल्या शेजाऱ्यांइतकी धडधाकट.

यंत्रांची बाजू आमचे चिरंजीव पाहतात. त्यांचा स्वभाव पद्धतशीर आहे. तो माझ्याकडून आला आहे. त्यांनी कोठीच्या दारावर एक कागद चिकटवला, त्यावर संशयितांची यादी केली आणि सांगितले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुन्हेगार कोण ते कधीच कळणार नाही. महिन्याभरापूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली होती, ती काढून जुनी घातली. ताप तसाच. पडद्याला जाणारी केबल बदलली. कॅमेऱ्यातून आलेले रंग सॉफ्टवेअर कोणत्या नियमाने वाचते, ती सेटिंगे एकेक करून तपासली. तयार झालेली फाइल पुन्हा आत उघडून मूळ चित्राशेजारी ठेवली. दोन्ही जुळ्या भावांसारखी एक. मग पडद्याच्या काचेवर जळूसारखे चिकटणारे एक लहान यंत्र लावले. ते अर्धा तास पडद्याचे रंग मोजत बसले आणि पडदा निर्दोष असल्याचा निकाल देऊन मोकळे झाले.

राहता राहिला एक आलेख. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात चित्रातल्या रंगांचा आलेख दिसतो आणि तो पहिल्यापासून सांगत होता की चेहरे लालीकडे झुकले आहेत. चिरंजीवांचे म्हणणे, मग आलेखाचे ऐक. सूनबाईचे म्हणणे, आलेखाला म्हाताऱ्याचा गाल आणि होडीचे लाकूड यांतला फरक कळत नाही, तो फक्त ठिपके मोजतो.

"आलेखाप्रमाणे केलं की तो माणूस मला हिरवट दिसतो," ती म्हणाली. "मग मी डोळे मिटून बसू का इथे?"

दुसऱ्या खेपेला तिने आलेख आणि डोळे यांच्यात तडजोड केली होती. तिचे फळ आपण पाहिलेच.

यादीत शेवटून दुसरी ओळ होती, "भिंत". हे मला आधी हास्यास्पद वाटले होते, पण या कामात पडद्यामागची भिंत फार महत्त्वाची असते. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्याच्या पाठीमागे एक मंद पांढरा दिवा लावतात. त्याचा उजेड भिंतीवर पडतो आणि दिवसभर तो डोळ्यांसमोर असतो. म्हणून भिंत शुद्ध करडी हवी, कोणत्याही रंगाची छटा नसलेली. खोली रंगवायची होती तेव्हा सूनबाई पंधरा दिवस चित्रीकरणाच्या जागी गेली होती. तिने करड्या रंगाचा नंबर कागदावर लिहून दिला होता. रंगाऱ्यावर देखरेख मी केली.

चिरंजीव अंगणातून रंगाचा रिकामा डबा घेऊन आले. त्यात आता मी कपड्यांचे चिमटे ठेवते. त्यांनी कागदावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर पडताळला.

"आई, डबा हाच होता ना?"

"हाच," मी म्हणाले.

आणि त्यांनी भिंतीपुढे बरोबरची खूण केली.

मी खोटे बोलले नव्हते. डबा तोच होता. पण मी जे बोलले नाही, ते आता लिहिते. रंगाऱ्याने पहिला हात मारला तेव्हा ती खोली मला चुलीतल्या राखेसारखी उदास वाटली. घरची सून दिवसभर तिथे बसणार. तिने अशा मरगळलेल्या रंगाकडे पाहत आयुष्य काढावे, हे माझ्या मनाला पटेना. मी रंगाऱ्याला लाल रंगाची छोटी बाटली आणायला लावली आणि दुसऱ्या हाताच्या रंगात ती अर्धी ओतवली. तो कुरकुरला. मी त्याला सांगितले की रंगांत माझी चाळीस वर्षे गेली आहेत. भिंत वाळली तेव्हा करडीच दिसत होती, फक्त जरा ऊब आलेली. कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्या पसंतीवर मी खूश होते आणि डब्याबद्दल विचारले गेले तेव्हा अर्ध्या बाटलीने काय होते, असे स्वतःला समजावून गप्प बसले.

यादीवर सगळ्यांपुढे खुणा झाल्या आणि शेवटची एकच ओळ उरली. ती चिरंजीवांनी लिहिली नव्हती. सूनबाईने स्वतःच्या अक्षरात लिहिली होती : माझे डोळे.

बुधवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी डोळे उत्तम असल्याचे सांगितले. तिचे समाधान झाले नाही. लाल आणि हिरवे वेगळे ओळखता येणे निराळे, तिला हवी असलेली नजर निराळी, आणि ती नजर आपल्यापाशी कधी नव्हतीच. कंपनीत वरिष्ठ सांभाळून घेत होते म्हणून नऊ वर्षे कळले नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले. गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात, हातातला कप विसळता विसळता, तिने मला सांगितले की चार वाजता ती दिग्दर्शिकेला फोन करून काम परत करणार आहे. कंपनीत जुनी जागा मिळते का, तेही विचारणार आहे.

मी तिला चांगले खडसवायचे ठरवले. शिवायला घेतलेला पांढरा रुमाल हातात होता, तो घेऊनच कोठीत गेले. ती काम करत होती. तिची पाठ पाहून खडसवण्याचे शब्द काही तोंडातून निघेनात, म्हणून मागच्या खुर्चीवर बसले. पाऊण तास तरी बसले असेन. पडद्यावर म्हातारा होडीच्या फटीत दोर ठोकत होता आणि सूनबाई त्याच्या गालावर कणाकणाने लाली चढवत होती. मला ते अगदी बरोबर वाटत होते.

मग उठून व्हरांड्यात आले. बाहेर स्वच्छ ऊन होते. हातातल्या रुमालाकडे पाहिले तर तो हिरवट. शेवाळलेल्या पाण्यातून काढावा तसा. दोन श्वास घेतले, तोवर तो पुन्हा पांढरा झाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. कारण ही गोष्ट मला चाळीस वर्षे ठाऊक होती. गिऱ्हाइकापुढे तासभर लाल तागे उलगडले आणि लगेच पांढरे कापड टाकले की गिऱ्हाईक हटकून म्हणते, हे जरा हिरवट वाटतं. डोळा लालीला सरावतो आणि मग ती जिथे नसते तिथे त्याला उणीव भासते. म्हणून मी नोकरांना शिकवले होते की मध्ये गिऱ्हाइकाला चहा द्या, रस्त्याकडे पाहू द्या, मगच पांढरे दाखवा. दुकानातला तो नियम माझा होता. आणि सुनेच्या डोळ्यांपुढे रोज दहा तास माझीच लाल भिंत उभी होती. तिला निरोगी माणूस हिरवट दिसत होता, म्हणून ती बिचारी लाली चढवत होती. काचेला चिकटणारे ते यंत्र पडदा मोजते. त्याच्यामागे काय आहे, ते त्याला दिसत नाही.

एक पळवाटही मला लगेच सुचली, हे कबूल करते. भिंत पुन्हा रंगवा, असा हुकूम मी कोणत्याही सबबीवर सोडू शकत होते. या घरात माझ्या हुकमाचे कारण कोणी विचारत नाही. काम झाले असते आणि माझे नावही आले नसते. पण मग यादीतली ती शेवटची ओळ तिच्या मनात जन्मभर राहिली असती.

मी परत आत गेले, चिरंजीवांना बोलावून घेतले आणि खोलीतला मोठा दिवा लावायला सांगितला.

"त्या डब्यात मी अर्धी बाटली लाल ओतायला लावली होती," मी म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत. चूक माझी आहे."

शेवटचे तीन शब्द माझ्या तोंडून या घरात पहिल्यांदाच निघाले असावेत, कारण चिरंजीव माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मलाच ताप चढला आहे. सूनबाईने छायाचित्रकार वापरतात तो करड्या रंगाचा पुठ्ठा काढला आणि भिंतीला टेकवला. पुठ्ठ्याशेजारी भिंत उघडी पडली. विटेची भुकटी मिसळल्यासारखी ती दिसत होती. सूनबाईने दोन्हींकडे पाहिले आणि मटकन खुर्चीत बसून ती हसायला लागली. हसताना डोळे पुसत होती.

"अहो आई, मी काल डॉक्टरांशी भांडून आले. ते म्हणत होते डोळे ठीक आहेत, तर मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही."

"त्यांना मिठाई पाठवू," मी म्हणाले. "आधी उठ."

भिंत रंगवून वाळवायला वेळ नव्हता आणि ओल्या रंगाच्या वासात कोणी बसू शकले नसते. पण माझ्या पेटीत दुकानाचे उरलेले अस्तराचे तीन तागे होते, तिन्ही करडे. मी मधला निवडला. सूनबाईने तिन्ही पुठ्ठ्याशेजारी धरले आणि सांगितले की मधल्यात निळसर झाक आहे, हा नको, तो शेवटचा. चाळीस वर्षांत माझी निवड कोणी अशी तोंडावर नाकारली नव्हती. मी तागा उन्हात नेऊन पाहिला. ती बरोबर होती. मी शेवटचा तागा फाडला, मशीनवर चार पट्टे जोडले, वर दांडीसाठी नेफा घातला आणि दुपारी दोनच्या आत ती भिंत वरपासून खालपर्यंत झाकली. चिरंजीव शिडीवर होते आणि मी खालून त्यांना डावीकडे, उजवीकडे करत होते. सूनबाईला मी तासभर अंगणात बसायला लावले, झाडांकडे पाहत, डोळे धुऊन निघेपर्यंत. चार वाजता तिने फोन केला नाही.

आत जाऊन तिने संगणकाचा पडदा सुरू केला आणि स्वतःच चढवलेली लाली पाहून कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत आठ मिनिटे आणि शुक्रवारी सकाळी उरलेली चार झाली. या खेपेला आलेख आणि ती, दोघे एकाच बाजूला होते. पावणेबाराला रीळ गेले.

उत्तराची ओळ आली नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. चिरंजीव फोनकडे पाहत होते आणि मी चिरंजीवांना फोनकडे पाहू नकोस म्हणून सांगत होते. चारला दारात एक उंच बाई उभी राहिली. तिच्या काखेत एक डबा होता. आपण कोण, कुठल्या, असे मी विचारायच्या आत ती सरळ म्हणाली, "ताप उतरला." मग तिने डबा टेबलावर ठेवला. त्यात दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची सारी रिळे हार्डडिस्कवर होती.

भिंत नंतरही रंगवली नाही. अस्तर तसेच आहे. सूनबाई म्हणते त्याने आवाजही घुमत नाही. दारावरचा कागदही तसाच ठेवला आहे, पुढच्या अडचणीसाठी. फक्त "भिंत" या ओळीपुढे आता तिच्या अक्षरात दोन शब्द आहेत : आईंना विचारणे. हा टोमणा आहे हे मला कळते. मी तो चालवून घेतला आहे.

रोज सकाळी अकराला ती मला अंगणातून हाक मारते. मी उन्हातून थेट कोठीत जायचे आणि पडद्यावरचे चेहरे पाहून लगेच मत द्यायचे.

"पहिल्या पाच सेकंदांत काय दिसतं ते सांगा, आई. सहाव्या सेकंदापासून तुमचंही खरं धरता येत नाही."

काल मी म्हटले, त्या मुलीच्या कपाळावर जरा पिवळे आहे. तिने पाहिले, आलेख पाहिला आणि मान हलवली. "नाही, ते बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढे गेली. मी तिच्या मागच्या खुर्चीवर बसून पुढचे चेहरे पाहू लागले.