ज्यानं सगळं ठेवलं

सोमवारी दुपारी बाराच्या आत प्रबंध द्यायचा होता. ही तिसरी मुदतवाढ, आणि विद्यापीठाच्या समितीनं पत्रात 'अंतिम' या शब्दाखाली चक्क रेघ मारली होती. नाही दिला तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. अशा वेळी गुरुवारी सकाळी ती संग्रहालयाच्या तळघरात उतरली ती फक्त एक फोटो काढायला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकायला.

सहा वर्षांचं काम सांगायला सोपं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन कुंभार आपल्या लाल चकचकीत थाळ्यांच्या, वाट्यांच्या बुडाशी नावाचा शिक्का मारत. एकाच कुंभाराचा शिक्का दोन गावांच्या उत्खननात सापडला, की तिनं संगणकावर त्या दोन गावांमध्ये रेघ ओढायची. एक्केचाळीस गावं, तीन हजारांवर शिक्के. रेघांचं जाळं झालं, आणि त्याच्या मधोमध कोळ्यासारखं ठाण मांडून बसलेलं निघालं नदीकाठचं एक एवढंसं बंदर. त्याला आजवर कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, आणि सगळा व्यापार तर त्याच्यावरून जात होता! प्रबंधाचं नावच तिनं तसं ठेवलं: 'व्यापाराचं केंद्र : एक विस्मृत बंदर'.

शिक्क्यांचे आकडे तिनं छापील याद्यांमधून घेतले होते. लेक, भिंगरी, पोटात होती तेव्हा तळघराच्या पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि भिंगरी बाहेर आल्यावर पायऱ्या उतरायला सवड कुठली!

"दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून वाटी फुटली," सासूबाई म्हणायच्या, "आणि त्याचं खापर माझ्या सुनेच्या माथ्यावर!" पण म्हणता म्हणता नातीला कडेवर घ्यायच्या आणि हिला दाराबाहेर ढकलायच्या. "पळ. चार तास. पाचवा मागू नकोस."

कोठार सांभाळणाऱ्या काकू निवृत्तीला टेकलेल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "बंदराची खोकी? त्यातलं कुठलं काढू? एकशेबारा आहेत."

"आणि बाकीच्या गावांची?"

"कुणाची चार, कुणाची सहा."

ती हसली. "बघा काकू, किती माल यायचा तिथं!"

काकूंनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, आणि जवळचंच एक खोकं ओढून झाकण काढलं. आत कागदाच्या पुड्याच पुड्या. नखाएवढा तुकडा, तोसुद्धा वेगळ्या पुडीत, वर बारीक अक्षरात नंबर.

"माल कसला, बाई! हा मास्तरांचा स्वभाव. तिथं खणलं ते शाळामास्तर होते ना. चिमूटभर खापरीसुद्धा टाकायचे नाहीत. बाकीच्या ठिकाणचे साहेब लोक अख्खा शिक्का असला तर ठेवायचे, उरलेलं परत खड्ड्यात. एकानं तर त्या तुकड्यांनी विहीर बुजवली म्हणे."

तिच्या तळहातावर एक तुकडा होता. त्यावर शिक्क्याची दोनच अक्षरं उरलेली. मास्तरांनी ती जुळवून कुंभार ओळखला होता, यादीत चढवला होता. यादीतून तो तिच्या संगणकात आला होता. या एवढ्याशा तुकड्यावर तिनं सहा गावांना रेघा ओढल्या होत्या.

बाकीच्या चाळीस गावांतले असे तुकडे खड्ड्यात नाहीतर विहिरीत होते.

म्हणजे बंदरात काय आलं, ते तिनं मोजलंच नव्हतं. काय ठेवलं गेलं, ते मोजलं होतं. फोटो काढायचा राहिलाच.

दुपारी भिंगरी झोपल्यावर तिनं अर्धेमुर्धे शिक्के सगळीकडून वगळले, फक्त अख्खे ठेवले, आणि जाळं पुन्हा विणायला लावलं. पहिल्या नंबरावरचं बंदर तेविसाव्यावर गेलं. तिनं तीनदा करून पाहिलं. तीनदा तेवीस. शेजारी पोरगी तोंड उघडं टाकून शांत झोपलेली, आणि तिला वाटलं, हिच्या वाटणीचे किती तास या बंदरात बुडवले आपण!

स्वयंपाकघरात जाऊन तिनं मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, परीक्षकांपैकी कुणीही ती खोकी उघडलेली नाहीत. उघडणारही नाहीत. सोमवारी देऊन टाक, नंतर बघू."

"मी उघडली ना, सर."



"मग चार दिवसांत काय करणार आहेस तू?" आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यानं तिला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी तिनं त्या मेलेल्या मास्तरांना मनातल्या मनात पोटभर शिव्या घातल्या. थोडं टाकलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं? सगळ्या जगानं टाकलं, तुम्हालाच मेलं काय सोनं लागलं होतं त्याला? असं म्हणत कपाटात फडकं शोधताना हाताला भिंगरीचे पहिले मोजे लागले, अंगठ्याएवढे, एकाला भोक पडलेलं, तरी जपून ठेवलेले. ती तिथंच फरशीवर बसली. मग उठली आणि लिहायला लागली.

शनिवार, रविवार मिळून अकरा पानं झाली. शेवटचं चाळीस पानी प्रकरण काढून तिनं ती अकरा पानं घातली: बंदर केंद्र नव्हतं, माझी मोजणी चुकली, कशी चुकली ते असं. प्रबंधाचं नाव मात्र बदलेना. "नाव बदलायला सहा महिने आधी अर्ज लागतो," कार्यालयातला कारकून म्हणाला. म्हणजे मुखपृष्ठावर एक आणि शेवटी त्याच्या बरोब्बर उलट. स्वतःच्या हातानं स्वतःच्याच तोंडात चपराक मारून घ्यायची, तीही बांधीव प्रतीत.

सोमवारी साडेअकराला सरांनी ती पानं उभ्या-उभ्याच वाचली. शेवटच्या पानावर आभार होते. सर, सासूबाई, काकू. आणि खाली, 'ज्यांनी सगळं ठेवलं त्या मास्तरांचे'. छापील यादीवर त्यांचं नाव नव्हतं, आणि काकूंनाही ते आठवलं नव्हतं.

"नापास करतील," सर म्हणाले.

"माहीत आहे."

"मी असतो तर मीही केलं असतं कदाचित." त्यांनी खिशातून पेन काढलं. सही केली आणि पानं तिच्या हातात दिली.

बाराला आठ मिनिटं कमी असताना कारकुनानं पोच फाडून दिली. पोचेवर ठळक अक्षरात छापलेलं : 'व्यापाराचं केंद्र : एक विस्मृत बंदर'. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती थांबली. कठड्याला टेकून तिनं घरी फोन लावला.

"दिलास?" सासूबाईंनी विचारलं. मागून भिंगरीचं किंचाळणं, डबे आपटल्याचा आवाज.

"दिला."

"मग रडतेस कशाला?"

"नापास होणार मी, आई. सहा वर्षं... तुमचीसुद्धा..."

पलीकडे डबे आपटतच होते. सासूबाई म्हणाल्या, "बरं. मग आज पाचवा तास घे. बस तिथंच कुठंतरी, काय रडायचंय ते रडून घे, आणि मग ये. पोरीला मी बघते."