मार खाणाऱ्याची माफी

नऊची वेळ दिलेली होती. साडेनऊला दिवे लागले, कॅमेरा रुळांवर चढला, आणि मग नव्वद माणसं एका माणसाची वाट बघत बसली.

कुणाला त्याचं नवल नव्हतं. दिवेवाले पत्ते कुटत होते. आईचं काम करणारी म्हातारी नटी पोशाख चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता खुर्चीच्या टोकावर बसली होती. दोन तास, तीन तास.

ताई व्हॅनिटी गाडीच्या पायरीशी उभी होती. ज्याची वाट बघणं चाललं होतं, त्या नटाची ती थोरली बहीण. बारा वर्षं प्रत्येक सेटवर त्याच्याबरोबर. त्याचं जेवण, औषधं, वेळा ती बघायची, पण तिचं खरं काम निराळं होतं. भाऊ कुणावर तरी खेकसायचा, हाताला येईल ते फेकून मारायचा आणि गाडीत दार लावून बसायचा. मग ताई मार खाणाऱ्याकडे जायची. गोड बोलून, हातात फुलं देऊन त्याला आत पाठवायची. त्याने म्हणायचं, "चुकलं माझं, साहेब." साहेबाने हसून पाठ थोपटायची. की काम सुरू. ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की सहायक दिग्दर्शक दिवसाच्या वेळापत्रकात तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवायचा.

रीत ओंगळ खरी, पण ती शिकला तो घरात. लहानपणी त्याने ताईच्या दंडाचा चावा घेतला, की आई ताईलाच म्हणायची, "माग गं माफी, तो जेवत नाहीये." एकुलता मुलगा! ताई माफी मागायची, आणि तो जेवायचा. पुढे त्याचे चित्रपट चालले आणि बाहेरच्यांनीही तेच केलं. लाथ मारीन तिथं पाणी काढीन, असा त्याचा तोरा. पाणी निघायचं, पण ते दुसऱ्यांच्या डोळ्यांतून.

आता चित्रपट चालत नव्हते. दोन दिग्दर्शकांनी त्याला अर्ध्यावर बदललं होतं, तिसरा फोन उचलत नव्हता. या चित्रपटात तो नायकाचा थोरला भाऊ होता, तेही ताईने शब्द टाकला म्हणून. निर्मात्याने बजावलं होतं, "ताई, तुमच्याकडे बघून घेतोय. इथं बिघडलं, तर पुढे त्याला कुणी दारात उभं करणार नाही."

एक वाजता स्वारी आली. रंगपटाच्या खोलीत केशभूषा करणाऱ्या काकी केसांचा टोप घेऊन तयारच होत्या. सगळा सेट त्यांना काकीच म्हणायचा. कपाळावर डिंक लावून त्यांनी टोप बसवला.

"किती वेळ?" तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

"एवढा डिंक सुकू द्या. नाहीतर कड सुटेल."

त्याने मान झटकली. कानशिलावरचे केस ओढले गेले.

"आंधळी आहेस का गं?" असं ओरडत त्याने समोरचा लाकडी ब्रश उचलला आणि काकींच्या बोटांवर हाणला.

हाड मोडल्याचा आवाज इतका बारीक असतो, हे दारात उभ्या ताईला ठाऊक नव्हतं. खोलीत आणखी पाच जण होते. पाचही जण भिंतीकडे बघू लागले.

"आधी हिला माफी मागायला लावा, मग मी तयार होतो!" असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

सहायक धावत आला. फुलदाणीतली फुलं त्याने उपसूनच आणली होती, देठांतून पाणी ठिबकत होतं. "ताई, नेहमीचं उरकून घ्या ना. चारला ऊन जातं."

काकी मगात बर्फ घेऊन, त्यात बोट बुडवून बसल्या होत्या. ताईने फुलं पुढे केली. "काकी, तो मनाचा वाईट नाही हो. एकदा जाऊन या. एवढं काम गेलं तर संपेल तो."

"जाईन की. पण माफी कशाची मागू, ते सांगा. त्यांनी मारलं त्याची, की मला लागलं त्याची?"

ताईने पुढे केलेली फुलं खाली घेतली.

"याच बोटांवर माझं पोट आहे," काकी म्हणाल्या. "तुम्ही वाईट नाही, ताई. पण फुलं आणता तुम्हीच."

किती जणांच्या हातात ताईने दिली होती ही फुलं! तिला भावाची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. फुलं तिथेच टाकून ती गाडीत गेली. तो पाय पसरून द्राक्षं खात होता.

"आली का ती?"

"येणार नाही. तू चल. बोट मोडलंय तिचं. चुकलो म्हण."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मी निघालो तर शूटिंग बंद पडेल."

"पडणार नाही."

"बघच मग!" तो तरातरा उतरला, आपल्या मोटारीचं दार धरून उभा राहिला आणि थांबला. इथे ताईने हात धरायचा असतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यालाही.

ताई ड्रायव्हरला म्हणाली, "साहेबांना घरी ने. सावकाश चालव."

मोटार फाटकाबाहेर पडली. दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून चित्रपटाचा लेखक एका पेटीवर बसून लिहायला लागला. अर्ध्या तासात कथेतला थोरला भाऊ कामासाठी दूरदेशी गेला आणि खुशालीचं एक पत्र येऊन त्याचा विषय संपला. बारा वर्षांची कारकीर्द एका पाकिटात मावली. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. एक दिवेवाला तेवढा म्हणाला, "चला, आज घरी वेळेवर!" आणि लोक हसले. शिव्या परवडल्या असत्या, असं ताईला वाटलं.

काकींना दवाखान्यात न्यायच्या आधी सेटच्या मॅनेजरने अपघाताची वही काढली आणि सवयीने लिहिलं, 'स्टुलावरून पडून इजा.'

"खोडा ते," ताई म्हणाली. "मारलं म्हणून लिहा. कुणी मारलं, तेही."

"ताई, कागदावर आलं की बोभाटा होईल. उद्या साहेबांना जाहिरातीतही कुणी घेणार नाही."

"घेऊ नये."

मॅनेजरने काकींकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. त्याने खोडून पुन्हा लिहिलं. "साक्षीदार?"

"मी."

"मारणाऱ्याशी नातं?"

ताईने पेन त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं, 'सख्खी बहीण.' खाली सही केली. मग वही रंगपटातल्या त्या पाच जणांकडे फिरवली आणि पेन वर ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "खाली जागा आहे अजून."