गाढवाच्या पाठीवरचे पट्टे

मी एक जुनी डाँकी आहे. हसू नका, मित्रांनो! चित्रकलेच्या महाविद्यालयात एक लांबट लाकडी बाक असतो. त्याच्या टोकाला बोर्ड टेकवायला उभी फळी असते आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंना पाय टाकून त्यावर बसतात. म्हणून आमचे नाव गाढवाचे. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून केले. पुढे पंचवीस वर्षे मी ओझी वाहिली. कौतुक चित्रांचे झाले; गाढवाचे कोण करतो?

मग पदव्युत्तर वर्गात ती आली. वडील फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर. वर्गात तिला 'पुसणी' म्हणत, कारण दिवसभर रंगवलेले ती संध्याकाळी खरवडून टाकायची. सुरीवर उरलेला रंग माझ्या पाठीवर ओढायची, एकाशेजारी एक पट्टा, आणि बाजूला पेन्सिलीने तारीख.

मार्गदर्शक बाई दर आठवड्याला विचारायच्या, "तुझं स्वतःचं काम कुठंय? दुसऱ्याचं बघून केलेलं नको. रोज इथे येऊन तू नेमकं काय करतेस, ते दाखव."

ती मान खाली घालायची. एकदा अशीच मान खाली घातली आणि तिला मी दिसले. चारशे बारा पट्टे! बाईंनी वाकून तारखा वाचल्या. "परीक्षेला हेच मांड. बाकी काही नको." अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे खरेच धरले.

घरी मात्र ती बोलली नाही. वडील फोनवर विचारायचे, "चित्र कुठवर आलं गं?" ती म्हणायची, "चाललंय, बाबा." त्यांना यातले काय कळणार, असे तिला वाटे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती अहवाल बांधून आणायला गेली आणि वडील मदतीला येऊन पोचले. भिंती रिकाम्या, मधोमध रंगाने बरबटलेला बाक. "अरे देवा, परीक्षकांना यावर बसवणार ही पोर?" असे म्हणत त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर आणि पॉलिशची बाटली काढली. तीन तास ते मला घासून पॉलिश करत होते. इतका मायेचा हात माझ्यावरून कधी फिरला नव्हता, आणि गाढव असूनही मला ओरडता येईना.

ती आली आणि दारातच थबकली.

"बघ, कसा आरसा केलाय!" वडील म्हणाले. त्यांची बोटे सोलवटली होती. तिने ती बोटे पाहिली.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली आणि जिन्यात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी माझ्यावरून हात फिरवला. "पॉलिश सुंदर आहे. काम कुठंय?" बाईंनी परोपरीने सांगून पाहिले, पण पट्ट्यांचा एक फोटोही कोणी काढला नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, असे ठरले. वडिलांना तिने एवढेच सांगितले, की काम अपुरे पडले.

ती पुन्हा माझ्यावर बसली. पहिला पट्टा पॉलिशवर धरेना, निसटून गेला. मग वडिलांचाच उरलेला पॉलिश पेपर घेऊन तिने माझी पाठ खरखरीत केली. मला दुखले, पण बरेही वाटले.

सतरा पट्टे झाले, तेव्हा वडील तिला भेटायला आले. डाग दिसताच त्यांचा हात सवयीने रुमालाकडे गेला. मग त्यांना आकडे दिसले.

"या तारखा कसल्या गं?"

तिने ब्रश खाली ठेवला. "बसा बाबा, सांगते."

दोघे माझ्यावर बसले. ती सांगत होती आणि वडिलांचे बोट एकेका पट्ट्यावरून सरकत होते. मध्येच ते थांबले.

"म्हणजे त्या दिवशी मी..."

"हो, बाबा. पण मी तरी तुम्हाला कुठे सांगितलं होतं?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सगळेच सांगतात. मला तर जपण्यानेच पुसले. म्हणून माझी विनवणी वेगळी आहे. हात लावण्याआधी विचारा, आणि आपल्या जिवाभावाचे काही असेल तर आपल्या माणसांना वेळेत सांगा.

त्या दिवसाचा पट्टा वडिलांनी ओढला. जरा वाकडा आलाय. तो मात्र कोणी पुसू नका.