सरूबाईचा ब्रेक ड्रम

दापोडीच्या त्या फुटबॉल क्लबात प्रशिक्षकाला घालवायची तऱ्हाच न्यारी होती. ना मतदान, ना ठराव. मैदानाच्या कडेला लोखंडी खांबाला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम टांगलेला होता. सामन्यात तो वाजला की प्रशिक्षक आपला. ज्या दिवशी तो मुका राहिला, त्या संध्याकाळी प्रशिक्षकाने मुकाट्याने गळ्यातली शिट्टी काढून द्यायची आणि घरचा रस्ता धरायचा. वाजवायचा मान सरूबाईचा होता. ड्रम तिच्या नवऱ्याने भंगारातून आणला होता, आणि नवरा वारल्यावर ड्रम वाजवायचा लोखंडी पाना तिच्या हातात आला.

नवा प्रशिक्षक ओंकार राजगुरुनगरचा, तिशीही न गाठलेला. तो आल्यापासून क्लब एकही सामना जिंकला नव्हता. त्यात त्याने सगळ्यात जास्त गोल करणाऱ्या बुद्धरत्नला बाकावर बसवून ठेवलं होतं. बुद्धरत्न सरूबाईचा मुलगा. त्यामुळे आईच आता याचा हिशोब चुकता करणार, असं सगळे धरून चालले होते.

रविवारी सामन्याआधी चहाच्या टपरीवर चांगलीच जुंपली. क्लबातल्या जयदीपचं म्हणणं, कंपनीत नवा माणूस लाइनवर घेतला तरी त्याला हात बसेपर्यंत वेळ देतात, याला निदान एक हंगाम द्या राव. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. लाइनवरच्या माणसापायी सगळ्या गावात नाक कापलं जात नाही, म्हणाले. क्लबातले सगळ्यात जुने अण्णासाहेब शेवटी सरूबाईकडे वळले.

"आक्का, आज ड्रम वाजायचा न्हाई. तुमच्याच पोराचं वाटोळं केलंय त्यानं."

खरं काय ते तिथे एकट्या सरूबाईला ठाऊक होतं. बुद्धरत्नचा गुडघा सुजून टम्म झाला होता. आधीच्या प्रशिक्षकाने त्याला इंजेक्शनं टोचून खेळवलं, आणि तेव्हा याच मंडळींनी पोराला खांद्यावर घेऊन मिरवलं. ओंकारने मात्र पहिल्याच सरावात गुडघा दाबून पाहिला आणि बूट काढायला लावले. कुणाला सांगू नका, म्हणून पोराने हात जोडले. चाकणच्या कंपनीत तो कंत्राटी होता, काम सगळं उभ्याने. पायाची कुणकुण लागली असती तर त्याला पुन्हा कुणी घेतलं नसतं. ओंकारने शब्द दिला आणि तेव्हापासून शिव्या खात होता. तोंड उघडावं तर पोराची नोकरी जाणार, मिटावं तर या भल्या माणसाचा बळी जाणार. सरूबाईला दोन्ही कबूल नव्हतं.

"मी वाजवणार," ती म्हणाली.

"का, ते तरी सांगा."

"सांगणार नाही. पण वाजवणार."

मध्यंतराआधीच क्लबवर दोन गोल बसले. सरूबाई वाजवत राहिली. शेजारची माणसं एकेक करून लांब सरकली, मागून कुणी शिट्ट्या मारल्या. तिचा खांदा भरून आला होता, पण थांबायचं म्हटलं की तिला जास्तच चेव येई. शेवटी अण्णासाहेबांनी येऊन पाना धरला.

"सगळ्यांनी ठरवलंय, आक्का."

"मला कुठं विचारलंत? माझं पोरगं गोल मारायचं तेव्हा हात दुखला तरी थांबू दिलं नाहीत. आता मीच थांबणार नाही. सोडा."

अण्णासाहेब सोडेनात. तेवढ्यात बाकावरून बुद्धरत्न उठला. इतके दिवस तो लोकांसमोर दातओठ खाऊन सरळ चालायचा. आज त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उघडउघड लंगडत निघाला. कडेला त्याच्या कंपनीचा सुपरवायझरही सामना बघत उभा होता. परत जा, म्हणून सरूबाईने डोळ्यांनी विनवलं. त्याने ते पाहिलं, सुपरवायझरलाही पाहिलं, आणि तो चालत राहिला.

"हा गुडघा बघा, अण्णासाहेब," तो मोठ्याने म्हणाला. "सरांनी मला बसवलं ते याच्यासाठी. आणि माझी नोकरी टिकावी म्हणून गप्प राहिले. आता ज्याला कळायचं त्याला कळू दे."

अण्णासाहेबांनी गुडघ्याकडे पाहिलं. पान्यावरची त्यांची बोटं आपोआप सुटली.

"दे आई," बुद्धरत्न म्हणाला. सरूबाईने पाना दिला नाही. ती फक्त थोडी बाजूला सरकली. त्याने त्याच पान्याला हात घातला आणि दोघं मिळून वाजवू लागले.

क्लब तोही सामना हरला. संध्याकाळी शिट्टी ओंकारच्याच गळ्यात होती.